सगळा ठाऊक असलेले भावोजी

आमच्या वाडीत एक भावोजी आहेत. नाव नको सांगायला, कारण तुमच्याही वाडीत ते असणारच! २०२० मध्ये ते डॉक्टर होते. २०२१ मध्ये लस आली आणि 'लसीत चिप आसा, दंडाक लोखंड चिकाटता' असं सांगत फिरू लागले. बचत गटातल्या एका मैत्रिणीने लस घेतल्यावर फ्रिजवरचं चुंबक दंडाला लावून दाखवलं. ते टपकन खाली पडलं. भावोजी म्हणाले, "चुंबकच चायनाचो आसा!"

२६ ऑगस्ट २०२४ ला राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. आम्हा मालवणकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण संध्याकाळपर्यंत भावोजी इंजिनीअर झालेले! चौकशी व्हायच्या आधीच यांचा अहवाल पारावर तयार.

आपण हसतो, पण मैत्रिणींनो, आपण तरी कुठे वेगळ्या? २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून सगळा देश चमचे घेऊन धावला. मी तेव्हा शाळेत होते, मीही रांगेत होते. चमचा तिरका करून सोंडेला टेकवला की दूध ओढलं जाऊन मूर्तीवरून पातळ थराने ओघळतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ते दाखवलंही. पायाशी ओलं झालेलं होतंच, फक्त खाली कोणी बघितलं नाही. तेव्हा दूध वाया गेलं, एवढंच.

पण दरवेळी एवढ्यावर भागत नाही. २०१८ मध्ये 'मुलं पळवणारी टोळी आली' असे मेसेज मोबाईलवर फिरत होते. त्यांतली एक क्लिप मुळात कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. मोटारसायकलवाले मूल उचलतात आणि परत आणून देऊन फलक दाखवतात. तो शेवटच कोणीतरी कापला होता. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याचा बाजार. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने टोळीतले समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले. त्यांच्याही घरी मुलं वाट बघत असतील ना?

त्याच पावसाळ्यात आमच्या वाडीत कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आली. चार-पाच जणांनी तिला अडवलं, पिशवी उलटी केली. भावोजी पुढे होतेच, "फोटोतली बाई तीच ही, माका सगळा ठाऊक आसा." बाई थरथर कापत होती. मी मध्ये गेले, पण माझं ऐकतो कोण! तेवढ्यात शेजारच्या आजी काठी टेकत आल्या. "अरे, माझ्या पेजेचा टोप हिच्याकडचोच आसा. वीस वर्सां येता ती. तुमका कोणी सांगल्यान?"

कोणी सांगितलं? कोणालाच सांगता येईना. मेसेज पुढे आला होता, एवढंच. एकेक जण पांगला. आजींनी तिला पाणी दिलं, मी भांडी गोळा करून दिली. त्यानंतर ती आमच्या वाडीत पुन्हा आली नाही.

तेव्हापासून आमच्या बचत गटात एक नियम आहे. मेसेज पुढे पाठवण्याआधी आजींचा प्रश्न विचारायचा, कोणी सांगल्यान? उत्तर मिळालं नाही, तर मेसेज आपल्यापाशीच थांबवायचा. भावोजींना हा नियम पसंत नाही. ते म्हणतात, यामागे कोणाचा तरी हात आहे!