सत्तर म्हणजे सात दहा

पहिली-दुसरीतील पुष्कळ मुले शंभरापर्यंतचे आकडे धडाधड म्हणतात. पालकांना त्याचे कौतुक वाटते, आणि ते साहजिकच आहे. परंतु त्याच मुलापुढे तेवीस वाल ठेवून 'मोज पाहू' म्हटले, की एखादा दाणा दोनदा मोजला जातो, एखादा राहून जातो. आकडे म्हणणे हे पाठांतर. मोजणे ही समजूत. लहान वर्गांत आम्हां शिक्षकांना खरी काळजी असते ती समजुतीची.

आपल्या मॉरिशसमध्ये हे काम थोडे अधिक अवघड आहे. मुलाला घरी क्रिओल ऐकू येते, गणिताचे पुस्तक इंग्रजीत असते आणि मराठीच्या तासाला मराठी आकडे येतात. प्रत्येक भाषेची संख्या सांगण्याची रीत निराळी. ७५ घ्या. क्रिओलमध्ये आपण 'स्वासान-केंझ' म्हणतो, म्हणजे साठ आणि पंधरा. इंग्रजीत सत्तर आधी, पाच नंतर. मराठीत 'पंच्याहत्तर' म्हणताना पाच आधी येतो. 'एकोणतीस' म्हणताना तर नऊही ऐकू येत नाही आणि वीसही नाही. तिसाला एक कमी, एवढेच ते नाव सांगते.

म्हणून एखाद्या मुलाने पंच्याहत्तर ऐकून ५७ लिहिले, किंवा क्रिओल ऐकून ६१५ लिहिले, तर ते मूल मंद नव्हे. कानांनी ऐकले तेच त्याने लिहिले. अशा मुलावर दुसरीतच 'गणितात कच्चा' असा शिक्का बसला, तर तो पुढे सहजासहजी पुसत नाही, याचे आम्हांला वाईट वाटते.

हा प्रश्न महाराष्ट्रातही निघाला होता. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशीही वाचनाची रीत दिली गेली आणि त्यावर मोठा वाद झाला. आपल्याकडे काही घरांत मुलाचा गोंधळ नको म्हणून मराठी आकडेच सोडून देतात. आमचे मत वेगळे आहे. आपल्या घरांत मराठी शब्द आधीच थोडे उरले आहेत. त्यांतले आकडे तरी का गमवावेत? शब्द सोडण्यापेक्षा त्यामागचा दहा मुलाच्या हाती द्यावा.

त्यासाठी पैसे लागत नाहीत. खराट्याचे हीर बोटभर तोडून घ्या. दहा मोजून झाले, की रबराने जुडी बांधायची. ती मुलानेच बांधावी. सात जुड्या आणि पाच सुटे हीर पुढे ठेवा आणि तीच संख्या तिन्ही भाषांत म्हणून घ्या. शब्द बदलतात, जुड्या बदलत नाहीत. हे डोळ्यांनी पाहिले, की मूल सात डावीकडे आणि पाच उजवीकडे लिहू लागते. गणेश चतुर्थीला एकवीस मोदक मांडताना दहा-दहाच्या दोन ओळी आणि वर एक, असे मुलालाच मांडू द्या. दुकानात जाताना दहा रुपयांची दोन नाणी आणि एक रुपयाची तीन देऊन विचारा, किती झाले?

घरात डॉमिनो असेल तर उत्तम. ठिपके एक-एक न मोजता पाच किंवा सहा ओळखता येणे हीसुद्धा गणिताची पायरी आहे. मूल बोटांवर मोजत असेल तर रागावू नका. बोटेही दहाच आहेत. मात्र पुढची युक्ती दाखवा: आठात पाच मिळवताना आधी दोन देऊन दहा पुरे करायचे, मग उरलेले तीन. तेरा आपोआप येतात.

पाढे पाठ व्हायला हवेतच, पण चार त्रिक बारा म्हणजे तीन-तीनचे चार गट, हे आधी वालांनी कळू द्या. सहावीच्या परीक्षेची भीती दुसरीतल्या मुलाच्या दप्तरात भरू नका. शिकवणीला पाठवण्याआधी रोज संध्याकाळी दहा मिनिटे त्याच्याजवळ बसा. आजीला मराठी आकडे येत असतील तर तिलाही बसवा. ती म्हणेल, मूल जुड्या मांडेल, आणि दोघेही शिकतील.