बोटांची नोंदवही

मे महिन्यात नागपुरात घरच्या घरी गाणं ध्वनिमुद्रित करायचं तर पहिला अडथळा कूलरचा. बंद केला तर पंचेचाळीस अंशांच्या उकाड्यात बसवत नाही. चालू ठेवला तर त्याची घरघर प्रत्येक सुरामागे येते. डिजिटल पियानोच्या आतल्या रेकॉर्डरला कूलर ऐकूच येत नाही, कारण तो आवाज टिपतच नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, पायाखालचं पेडल कधी दाबलं, एवढंच तो लिहून ठेवतो.

ही लिपी म्हणजे मिडी. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ती पुढे आली. पियानोच्या ८८ पट्ट्यांना २१ ते १०८ असे क्रमांक आणि बोटाच्या जोराला १ ते १२७ असे अंक. चार मिनिटांचं गाणं सीडीच्या दर्जाने साठवलं तर सुमारे ४० एमबी लागतात. मिडीत तेच काही केबींत मावतं. पूर्वी हे काम भोकं पाडलेला कागद करायचा. १९०४ साली जर्मनीत आलेल्या वेल्टे-मिन्योन यंत्रासाठी खुद्द देब्युसीने वाजवलं होतं. यामाहाच्या डिस्क्लाव्हियरमध्ये विद्युतचुंबकांमुळे पट्ट्या खरोखर खालीवर होतात. माझ्या पियानोत त्या स्थिर राहतात आणि गाणं मात्र वाजत असतं. हे दृश्य अंगवळणी पडायला वेळ लागतो.

यमनमधली एखादी चाल मुद्रित करून मी ती निम्म्या लयीत लावतो. टेप निम्म्या वेगाने फिरवली तर सूर सप्तकभर खाली जातो. इथे सूर जागेवर राहतो, फक्त बोटं सावकाश चालतात. मग जलद लयीत लपलेलं सगळं उघडं होतं. अंगठा तीव्र मध्यमावर विनाकारण दाब देतो. डावा हात समेला किंचित आधीच पोचतो. पेडल उशिरा सुटल्यामुळे गंधारात निषाद मिसळतो. गुरूने सांगितलं तरी पटायला अवघड जाणाऱ्या या गोष्टी इथे स्वतःच्या कानांनी ऐकता येतात. रियाजासाठी मला याहून मोलाचं काही वाटत नाही.

यंत्रात आणखी एक सोय असते, प्रत्येक स्वर मात्रेवर नेमका बसवून देण्याची. मी ती वापरत नाही. ठुमरीच्या अंगाची चाल मात्रेला जराशी मागे रेलून चालते, आणि ते रेलणं गेलं की चालीतला जीव जातो. मींड मात्र मुळातच हाती लागत नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत जाता येत नाही, हाच आक्षेप पेटीवरही होता. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर घातलेली बंदी तीनेक दशकं टिकली. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी त्याच पेटीवर काय उभं केलं, हे मात्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. म्हणून मी मींडेच्या जागी कणस्वर घेतो आणि पुढचा स्वर हलका ठेवतो. जोराचे आकडे हे हलकेपण इमानाने परत देतात.

खरा उपयोग साथीचा. माझी ताई गाते. मी काळी एकमध्ये वाजवलेलं तिला काळी पाचमध्ये हवं असतं. तीन पट्ट्या खाली उतरवलं की झालं. अडचण वेगळीच आहे. पेटीवाला गाणाऱ्याच्या श्वासावर नजर ठेवून थांबतो, हा पियानो थांबत नाही. आलाप लांबला तर साथ पुढे निघून जाते. म्हणून आता मुखडा आणि अंतरा मी वेगवेगळे मुद्रित करतो. आलाप रंगला की ताई तिला हवा तेवढा वेळ घेते, मुखड्याकडे वळताना मान हलवते, आणि मी बटण दाबतो.