गाठ सुटेल असे गाठोडे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

'आजचे युग हे संगणकाचे युग आहे' असे आपण निबंधात नेहमी लिहितो. मार्कंड्याच्या आमच्या घरात मात्र हे युग गेल्या वर्षी आले. मामांनी चंद्रपूरहून एक वापरलेला संगणक आणून दिला. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे काही अडले तर विचारायचे कोणाला, हा प्रश्नच होता.

त्या संगणकात मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टंकून ठेवल्या होत्या. सोबत तिच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे आणि मार्कंडेश्वराच्या देवळावरील शिल्पांची छायाचित्रे होती. जागा संपत आली तेव्हा साऱ्यांचे एक झिप गाठोडे मी पेनड्राइव्हवर बांधले, मूळ फाईली पुसल्या आणि पेनड्राइव्ह घाईने ओढून काढला. दुसऱ्या दिवशी गाठोडे उघडेना. झिपमध्ये आतल्या वस्तूंची यादी अगदी शेवटी लिहिली जाते. शेवट राहिला की यादीच राहते, हे मला नंतर कळले. पुसण्यापूर्वी जे वाचायला हवे होते, ते मी पुसल्यानंतर वाचले. तेच येथे सांगते.

तेंदूपत्त्याच्या हंगामात आपल्याकडे ७० पानांचे एक पुडके बांधतात. मोजताना कोणी एकेक पान मोजत नाही, पुडकी मोजतो. फाईलीचे संकोचन म्हणजे थोडेफार हेच. १९७७ साली अब्राहम लेम्पेल व याकोब झिव्ह यांनी एक युक्ती मांडली. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहू नये. 'इतके मागे जा, इतकी अक्षरे घे' एवढी खूण ठेवावी. त्याआधी १९५२ साली डेव्हिड हफमन यांनी वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड व क्वचित येणाऱ्याला लांब खूण देण्याची रीत दाखवली होती. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणलेल्या झिपमध्ये आज मुख्यतः या दोन युक्त्यांचाच मिलाफ असतो.

आपल्या मराठीला याचा विशेष लाभ होतो. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'मार्कंडा' या शब्दात काना, अनुस्वार, हलन्त धरून ८ चिन्हे, म्हणजे २४ बाइट. आणि प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच! शिवाय ओवीत शब्द फिरून फिरून येतात. म्हणून असा मजकूर चांगला आवळला जातो. उलट जेपेग छायाचित्रे व एमपी३ ध्वनिमुद्रणे आधीच आवळलेली असतात. ती गाठोड्यात घालून जागा फारशी वाचत नाही. माझी निम्मी धडपड म्हणजे व्यर्थच होती.

आता निवडीचा प्रश्न. विंडोजमध्ये झिपची सोय मुळातच असते, वेगळे काही बसवावे लागत नाही. पण विंडोज ७ मधील ही सोय देवनागरी नावाच्या फाईली बांधायला नकार देते, हे जुना संगणक असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. विनरार ४० दिवसांनंतर विकत घ्यावे अशी अपेक्षा असते. गाठोड्याला इजा झाल्यास दुरुस्तीसाठी जादा माहिती जोडून ठेवण्याची सोय हा त्याचा मोठा गुण. मात्र ते आपोआप अद्ययावत होत नाही आणि २०२३ साली त्यात सुरक्षेचा एक गंभीर दोष सापडून तो ६.२३ या आवृत्तीत दूर केला गेला. म्हणून जुनी आवृत्ती वापरू नये. इगोर पावलोव्ह यांचे १९९९ पासूनचे सेव्हन-झिप विनामूल्य आहे. त्याचा स्वतःचा सेव्हन-झेड प्रकार झिपपेक्षा बहुधा अधिक आवळतो. पण विंडोज १० स्वतःहून तो उघडत नाही. विंडोज ११ ला ही सोय २०२३ पासून मिळाली.

मी सेव्हन-झिप निवडले, पण गाठोडे झिप प्रकारातच बांधते. थोडी जागा जास्त गेली तरी चालेल. ज्याला पाठवायचे त्याला ते उघडता आले पाहिजे. सेव्हन-झिपमध्ये तपासणीची आज्ञा आहे. बांधताना प्रत्येक फाईलीची एक पडताळणी-संख्या नोंदली जाते, ती तपासणीत पुन्हा काढून जुळवली जाते. पेनड्राइव्ह रीतसर मोकळा करून काढायचा, पुन्हा लावून तपासणी करायची, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायचे आणि मगच मूळ फाईल पुसायची, असा मी आता नियम केला आहे. ओव्या तर पुसतच नाही.

धानाचे भारे बांधताना बाबा म्हणतात, "गाठ अशी मार बाई, का दुसऱ्याले सोडता आली पाहिजे." बाबा संगणकाला हात लावत नाहीत, पण मला जे इतक्या उशिरा कळले ते त्यांना ठाऊक होते.

आजीजवळ मी पुन्हा वही घेऊन बसले आहे. काही ओव्या तिला आठवल्या, त्या नव्याने उतरवल्या. काही आता तिलाही आठवत नाहीत. मित्रमैत्रिणींनो, आपल्या घरीही असे काही साठवलेले असेल, तर त्याची गाठ आज एकदा सोडून पाहा.