सिपना म्हणजे साग

उस्ताद अमीर खाँ यांचा हंसध्वनीतला तराणा पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्यात भाषा आहे हेच मला उमगलं नव्हतं. तोम, तनन, दिर दिर, दानी. नुसती लय पुढे धावत होती. मग अंतऱ्याच्या जागी फारसी ओळी आल्या. राग दक्षिणेतला, काव्य फारसी, ऐकणारा अकोल्याचा. आणि तरी परकं काही वाटेना. खाँसाहेबांचा जन्म १९१२ चा. काही चरित्रकार जन्मगाव अकोला सांगतात, काही कलानौर. माझा जीव अर्थातच अकोल्याकडे ओढतो.

तराण्याचे बोल निरर्थक असतात, असं शिकणाऱ्याला सरसकट सांगितलं जातं. खाँसाहेबांना ते पटत नव्हतं. हे बोल फारसी-अरबीतून आले, असं त्यांचं म्हणणं. 'तन' म्हणजे देह, 'दानी' म्हणजे तू जाणतोस, 'याली' म्हणजे 'या अली'. यावरचा त्यांचा इंग्रजी निबंध १९६६ मध्ये छापून आला. सगळ्या अभ्यासकांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. मला मात्र त्यांचा ध्यास फार मोलाचा वाटतो. कानाला गोड लागणारा आवाज कुणाची तरी भाषा असेल, असं मानून ते शोधायला निघाले. आणि फारसी इथे नवखी कुठे होती? १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, त्याआधी शतकानुशतकं दरबारी कागद त्याच भाषेत लिहिले जात. चिखलदऱ्याजवळ गाविलगडावर आजही फारसी शिलालेख आहेत.

त्याच डोंगरांत कोरकू बोलली जाते, आणि ती आपल्याला फारसीहूनही अनोळखी आहे. होळीच्या दिवसांत मेळघाटच्या रस्त्यांवर कोरकू बायामाणसं फगवा मागतात, ढोल-टिमकीवर नाचतात, गातात. एकेक ओळ फिरून फिरून येते. अमरावतीहून गेलेली मंडळी थांबतात, ठेका धरतात, फगवा देतात आणि पुढे निघतात. वर्षानुवर्षं मीही तेच केलं.

कोरकू ही मराठीची बोली नाही. मुंडा शाखेतली ती सगळ्यांत पश्चिमेकडची भाषा. संथाळी, मुंडारी तिच्या बहिणी. कंबोडियाची ख्मेर लांबची आप्त. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक सव्वासात लाखांच्या आसपास होते. मेळघाटातल्या सिपना नदीचं नाव आपण रोज घेतो. कोरकूत सिपना म्हणजे साग. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक मराठी माणसाला कळतो. कोरकूत तो आहेच, शिवाय दोघांचं 'आपण' वेगळं आणि पुष्कळांचं वेगळं. प्रेमगीत रचणाऱ्याला केवढी सोय ही! गर्दीत गातानाही 'आपण दोघं' एका शब्दात म्हणता येतं, आणि रस्त्यावर थांबलेल्या आम्हा पाहुण्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

न कळताही गाणं आवडतं, हे खरंच आहे. सूर, श्वास, पावलांची साखळी यांना दुभाष्या लागत नाही. पण कळलं तर गोडी उतरेल ही भीती मला खरी वाटत नाही. गेल्या होळीला सेमाडोहजवळ एका म्हाताऱ्या बाईला मी विचारलं, "आजी, हा सारखा येते तो शब्द कोन्ता?"

"डा," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी नेली.

पुढच्या फेऱ्यात त्या सगळ्या गाण्यातून मला पाणीच ऐकू येत होतं.