विश्लेषण : मातीच्या ट्रॅकवर ‘मोठा’ कॅम मागे का पडतो?

अमेरिकेत आयोवा, ओहायोसारख्या राज्यांत उन्हाळ्यातील शनिवारची रात्र म्हणजे मातीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवरील शर्यती. ओहायोतील अर्धा मैल लांबीचा एल्डोरा ट्रॅक तर १९५४ पासून सुरू आहे. ‘स्ट्रीट स्टॉक’, ‘हॉबी स्टॉक’ अशा खालच्या वर्गांत उतरणारे बरेच जण दिवसा नोकरी करतात आणि रात्री गॅरेजमध्ये स्वतः इंजिन बांधतात. भंगारातून आणलेले शेवरोलेचे ३५० घनइंच, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन हा त्यांचा नेहमीचा पर्याय. त्यात सर्वाधिक चुकते ती कॅमशाफ्टची निवड.

कॅमशाफ्ट नेमके करतो काय?

क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरणारा हा दांडा. त्यावरील अंडाकृती उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. व्हॉल्व्ह किती उघडतो ती ‘लिफ्ट’ आणि किती अंश उघडा राहतो ते ‘ड्युरेशन’. ड्युरेशन वाढवले की जास्त आरपीएमला इंजिन मोकळा श्वास घेते, पण कमी आरपीएमला ओढ जाते. दुचाकीस्वारांच्या भाषेत, टॉप स्पीड वाढतो आणि पिकअप मरतो.

मग मोठा कॅम का नको?

कारण शर्यत वळणातून बाहेर पडताना जिंकली जाते. छोट्या ट्रॅकवर वळणात इंजिन साधारण साडेतीन-चार हजार आरपीएमपर्यंत उतरते आणि सरळ भागाच्या शेवटी सहा-साडेसहा हजारांवर जाते. कॅमने याच पट्ट्यात ताकद द्यायला हवी. सात हजारांवर रंगात येणारा कॅम कॅटलॉगमध्ये भारी दिसतो, पण ट्रॅकवर तो आकडा गाठेपर्यंत पुढचे वळण येते. शिवाय ताकद अचानक उसळली तर कोरड्या, गुळगुळीत झालेल्या मातीवर चाके जागीच फिरतात.

कॉम्प्रेशन कमी असेल तर नुकसान दुप्पट. लांब ड्युरेशनच्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. तोवर पिस्टन वर निघालेला असतो आणि आत आलेले मिश्रण थोडे परत ढकलले जाते. त्यात नियमाने दोन बॅरलचा छोटा कार्ब्युरेटर सक्तीचा असेल, तर वरच्या आरपीएमला लागणारी हवाच मिळत नाही. म्हणून जाणकार आधी कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर, मागचा गिअर आणि ट्रॅकची लांबी विचारतात. कॅमचा नंबर नंतर.

नियम कुठे आडवे येतात?

अनेक ट्रॅकवर लिफ्टला मर्यादा असते. ती व्हॉल्व्हपाशी मोजतात की कॅमवर, हे नियमावलीत नीट वाचावे. कॅमवरील ०.३०० इंचांचा उंचवटा १.५ गुणोत्तराच्या रॉकरमुळे व्हॉल्व्हपाशी ०.४५० इंच होतो. काही ठिकाणी इंजिन आयडलवर असताना व्हॅक्यूम गेज लावून किमान व्हॅक्यूम तपासतात. इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांतील कोन १०६-१०८ अंश असा कमी ठेवला तर मधल्या आरपीएमला जोर मिळतो, पण व्हॅक्यूम पडतो. ११०-११२ केला तर उलट. व्हॅक्यूमचा नियम असलेल्या ट्रॅकवर त्यामुळे थोडा जोर सोडावा लागतो.

पैसे वाचवायचे कुठे?

रोलर कॅम महाग, शिवाय या वर्गांत तो बहुधा चालतही नाही. साधा ‘फ्लॅट टॅपेट’ कॅम पुरतो. नव्या कॅमला जुने लिफ्टर लावणे मात्र आत्मघात आहे. उंचवट्याला किंचित उतार आणि लिफ्टरच्या तळाला किंचित फुगवटा असतो, त्यामुळे लिफ्टर गोल फिरत राहतो. तो फिरायचा थांबला की उंचवटा घासून सपाट होतो आणि धातूचा चुरा तेलातून बेअरिंगपर्यंत जातो. म्हणजे सबंध इंजिन, आणि बहुधा उरलेला हंगामही. कंपनीच्या जुन्या स्प्रिंगही वाढीव लिफ्टला पुरत नाहीत. त्यांची वळणे एकमेकांवर बसतात किंवा व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही.

पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर ते आयडलवर सोडत नाहीत. क्रँकवरून उडणारे तेल कॅमपर्यंत पोहोचावे म्हणून २० ते ३० मिनिटे दोन-अडीच हजार आरपीएमवर ठेवतात. तेलही झिंक आणि फॉस्फरस जास्त असलेलेच लागते. आजच्या मोटारींच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी ही द्रव्ये कमी केलेली असतात. त्यामुळे दुकानातील महागडे आधुनिक तेलही इथे कुचकामी ठरू शकते.