गोड्या पाण्यातील माशांचे परजीवी आणि ऋतुचक्र

चीननंतर जगातील सर्वाधिक मत्स्यसंवर्धन भारतात होते. देशातील एकूण मत्स्योत्पादनापैकी सुमारे तीन-चतुर्थांश वाटा आता नद्या, जलाशय आणि तलाव यांसारख्या अंतर्गत जलस्रोतांचा आहे. रोहू, कटला व मृगळ या माशांच्या संवर्धनावर आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल, ओडिशा आदी राज्यांतील लाखो कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून आहे. मात्र तलावात माशांची दाटी वाढते तसे रोगांचे आव्हानही वाढते. या रोगांपैकी अनेक परजीवींमुळे होतात आणि त्यांचा प्रादुर्भाव वर्षभर सारखा राहत नाही. त्यामागची कारणे समजून घेणे नियंत्रणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

तापमानाची भूमिका

मासा हा शीतरक्ताचा प्राणी आहे. पाण्याचे तापमान बदलले की त्याच्या शरीराचे तापमान, भूक आणि रोगप्रतिकारशक्तीही बदलते. परजीवीच्या वाढीचा वेगही तापमानावरच ठरतो. त्यामुळे ऋतुबदलाचा परिणाम दुहेरी असतो. पाणी थंड झाले की माशाची प्रतिकारशक्ती मंदावते. पाणी तापले की परजीवीच्या पिढ्या झपाट्याने पूर्ण होतात.

‘पांढरे ठिपके’ हा रोग घडविणारा इक्थिओफ्थिरियस हा एकपेशीय परजीवी याचे उत्तम उदाहरण होय. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात त्याचे जीवनचक्र साधारण आठवडाभरात पूर्ण होते. अतिशय थंड पाण्यात त्यालाच कित्येक आठवडे लागतात. ३० अंशांच्या वर मात्र त्याची वाढ सहसा खुंटते. म्हणूनच मैदानी प्रदेशात हा रोग भर उन्हाळ्यापेक्षा थंडीत आणि थंडी ओसरताना अधिक त्रासदायक ठरतो.

जीवनचक्राचे दोन प्रकार

काही परजीवींचे जीवनचक्र प्रत्यक्ष असते. म्हणजे ते एका माशाकडून थेट दुसऱ्या माशाकडे जातात. कल्ल्यांवरील डॅक्टिलोगायरस हा कृमी आणि ‘माशांची ऊ’ म्हणून ओळखला जाणारा आर्ग्युलस हा कवचधारी जीव या गटात मोडतात. उन्हाळ्यात तलावाची पातळी खालावते, मासे एकत्र येतात, पाण्यातील विरघळलेला प्राणवायू घटतो आणि अशा परजीवींचा प्रसार सुलभ होतो.

इतर परजीवींना मध्यस्थ पोशिंदा लागतो. पर्णकृमींच्या अळ्या गोगलगायीत वाढतात. अनेक फीतकृमी व गोलकृमी पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीवांमार्फत माशात शिरतात. काही पर्णकृमींची अंतिम अवस्था मासे खाणाऱ्या पक्ष्यांत पूर्ण होते. त्यामुळे गोगलगायींची पैदास आणि पक्ष्यांचे आगमन यांचे वेळापत्रक या परजीवींनाही लागू पडते. पावसाळ्यात पाण्याचा साठा वाढून परजीवी विरळ होतात. मात्र पुराच्या पाण्याबरोबर रानमासे व गोगलगायी तलावात शिरल्यास नवा संसर्गही येतो.

देशभर एकच नियम लावता येत नाही. उत्तर भारतात हिवाळा व उन्हाळा यांतील तापमानाचा फरक निर्णायक असतो. केरळसारख्या राज्यात तापमान फारसे बदलत नसल्याने पावसाचे चक्र अधिक महत्त्वाचे ठरते.

आर्थिक हानी

आर्ग्युलस माशाच्या त्वचेला चिकटून रक्त व शरीरद्रव शोषतो. मासा खंगतो, जखमांतून जिवाणूंचा शिरकाव होतो आणि बाजारभाव घसरतो. भारतीय संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, या एका परजीवीमुळे कार्प संवर्धनात हेक्टरी वर्षाला सुमारे २९,५०० रुपयांचे नुकसान होते. लहान तलावधारकासाठी ही रक्कम नफा आणि तोटा यांतील अंतर ठरवू शकते. घाबरून कीटकनाशकांचा वारंवार मारा केल्यास खर्च वाढतो, पाण्यातील उपयुक्त जीव मरतात आणि परजीवींमध्ये औषधप्रतिकार निर्माण होण्याचा धोका संभवतो.

ऋतूनुसार व्यवस्थापन

आर्ग्युलसची मादी माशाला सोडून कठीण पृष्ठभागावर अंडी घालते. उबदार पाण्यात ती साधारण दोन ते तीन आठवड्यांत उबतात. या माहितीचा उपयोग साधा आहे: तलावात बांबू किंवा फळ्या रोवाव्यात, अंडी उबण्यापूर्वी त्या बाहेर काढून उन्हात वाळवाव्यात आणि पुन्हा लावाव्यात. औषधांचा अंड्यांवर सहसा परिणाम होत नसल्याने एकाच वेळी केलेला उपचार अपुरा पडतो, हेही यावरून स्पष्ट होते.

उन्हाळ्यात तलाव कोरडा करून तळ तापू देणे व चुना टाकणे, पावसाळ्यापूर्वी प्रवेशमार्गांवर जाळी बसविणे, बोटुकली सोडण्यापूर्वी तिला मिठाच्या द्रावणात काही मिनिटे ठेवणे आणि थंडीत खाद्य कमी करून माशांची नियमित तपासणी करणे, हे उपाय कमी खर्चाचे आहेत.

शासकीय प्रयत्न

जलचर रोगांवर लक्ष ठेवण्यासाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो त्याचा समन्वय करतो. २०२० मध्ये घोषित झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही रोगव्यवस्थापनाला स्थान आहे. शेतकऱ्याला रोगाची माहिती थेट तज्ज्ञांपर्यंत पोहोचविता यावी म्हणून २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल ॲप उपलब्ध करून देण्यात आले.

हवामानबदलामुळे पावसाचे आगमन आणि पाण्याचे तापमान यांत अनियमितता वाढत आहे. अशा स्थितीत ठरावीक महिन्याऐवजी पाण्याचे प्रत्यक्ष तापमान व पातळी पाहून उपाय योजावे लागतील. त्यासाठी तलावकाठी साधा तापमापक आणि नोंदवही ठेवण्याची सवय लावणे, ही विस्तार सेवेची पुढची जबाबदारी आहे.