शेडकार्डावर आवडलेला रंग

दसरा-दिवाळी जवळ आली की पेंटर घरी येतो, शेडकार्ड उघडतो आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बसून अख्ख्या घराचे रंग ठरतात. पुढची पाच-सात वर्षं त्याच भिंतींबरोबर काढायची असतात. तरी त्या घाईच्या बैठकीत ऐकीव समजुतींचंच राज्य चालतं. त्यातली सर्वांत महागात पडणारी समजूत म्हणजे कार्डावर दिसला तोच रंग भिंतीवर येणार.

कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा असतो आणि त्याच्याभोवती पांढरा कागद असतो. खोलीत मात्र एका भिंतीवरून परतलेला उजेड समोरच्या भिंतीवर पडतो आणि रंग आणखी गडद होत जातो. म्हणून कार्डावर कोवळा वाटलेला पिवळा चारही भिंतींवर आला की डोळ्यांत खुपतो. आवडलेल्या छटेपेक्षा एखादी पायरी फिकी घेतलेली बरी.

मुख्य गोष्ट उजेडाची. उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बहुतेक काळ थेट ऊन येत नाही. येतो तो आकाशाचा निळसर उजेड, आणि त्यात राखाडी रंग उदास दिसतो. तोच राखाडी पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी ऊबदार होतो. समोरच्या इमारतीची विटकरी भिंत किंवा खिडकीबाहेरचा आंबा आपली छटा आत पाठवतो. पावसाळ्याचे ढगाळ महिने तर वेगळेच. रात्री पांढरी ट्यूब साधारण 6500 केल्व्हिनची, तर पिवळसर दिवा 2700 ते 3000 केल्व्हिनचा. त्या दोन्हींखाली एकच भिंत दोन वेगळ्या रंगांची वाटते. त्यामुळे आधी दिवे ठरवावेत, मग रंग.

नमुना पाहायचा तोही थेट जुन्या भिंतीवर नको, कारण शेजारचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. छोटा डबा आणून मोठ्या पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मारावेत आणि ती शीट सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळ्या भिंतींना लावून बघावी. पूर्ण सुकल्यावरच मत द्यावं. इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं आणि सुकल्यावर गडद होतं. चुन्याचं उलट असतं, तो सुकताना पांढरा होत जातो.

‘काही सुचत नसेल तर पांढरा द्या’ हेही तितकं सोपं नाही. पांढऱ्यात पिवळी, गुलाबी, निळी झाक असते. आपल्याकडे चुन्यात चिमूटभर नीळ घालत, ती पिवळेपणा मारण्यासाठीच. अंधाऱ्या खोलीत मात्र पांढरा उजळत नाही, मळकट करडा दिसतो. भिंत आलेला उजेड परतवते, नवा निर्माण करत नाही.

लहान खोलीला गडद रंग नकोच, हा नियम अर्धा खरा आहे. फिक्या भिंतींची खोली मोठी भासते आणि उजळ छत उंच वाटतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण खोली मोठी भासणं हीच प्रत्येकाची गरज नसते. फक्त झोपायला वापरायच्या खोलीत गडद निळा किंवा मातकट हिरवा फार सुंदर दिसतो. तिथे चकचकीत फिनिश मात्र टाळावा, त्यात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो.

रंगांच्या मनावरच्या परिणामाबद्दल फारच ठासून बोललं जातं. 1979 मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या नौदल तुरुंगातली एक कोठडी गुलाबी रंगवली गेली आणि कैदी शांत होतात असा गाजावाजा झाला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात पांढऱ्या आणि गुलाबी कोठडीतल्या कैद्यांच्या आक्रमकतेत तसा फरक आढळला नाही. तेव्हा स्वयंपाकघरातल्या लाल रंगाने भूक वाढेल किंवा निळ्याने मुलं अभ्यासाला बसतील, या भरवशावर रंग घेऊ नये. आवडतो म्हणून घ्यावा. तेवढं कारण पुरेसं आहे.

आतून पांढरा दिला तर खोली थंड राहते, असंही सांगतात. उष्णता परतवायची असेल तर ती घराबाहेरच, म्हणजे गच्चीवर आणि उन्हाकडच्या बाहेरच्या भिंतीवर. तिथे पांढऱ्याचा खरा उपयोग होतो. आणि ओल गडद रंगाखाली झाकली जात नाही. आधी गळती बंद करायची, भिंत सुकू द्यायची. नाहीतर लोणा फुटून पोपडे येणारच.

शेवटची भीती मुलांच्या खोलीची: भडक रंगात शिसं असतं. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल ऑइलपेंटमध्ये ते सर्रास असे. भारतात 2016 च्या नियमांनी घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग ठरवली, आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून ती लागू झाली. त्यामुळे आज जास्त धोका आहे तो जुन्या दार-खिडक्यांवरचे थर कोरडे घासण्यात. तिथे पाणी मारूनच घासायला सांगावं, धूळ ओल्या फडक्याने टिपावी, आणि ते काम संपेपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत. पेंटरच्या तोंडावरही धूळ अडवणारा चांगला मास्क हवा. तो आपणच आणून द्यावा.